जाणकार कोणाचे?

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे पर्जन्यछायेतील गाव. वर्षाकाठी पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी तेथे काम सुरू केले, तेव्हा गावात पाझर तलाव होता; पण त्यात पाणी ठरत नव्हते. गावाने श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. त्यानंतर नालाबांध, समतल चर, वृक्षलागवड, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी अशी कामे होत गेली. ही हकीकत महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना नवी नाही. मात्र तिच्यात विज्ञाननीतीचा जो धडा आहे, त्याकडे पुरोगामी चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बांध घालण्याचे तंत्र राळेगणने शोधले नव्हते. मुंबई प्रांताने जमीन सुधारणेचा कायदा १९४२ सालीच केला होता आणि सोलापूरचे कोरडवाहू संशोधन त्याहूनही जुने होते. राळेगणची खरी कर्तबगारी पुढच्या निर्णयात होती. पाणी दिसू लागताच ऊस लावण्याचा मोह गावाने आवरला आणि फार पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, असे ठरविले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तीही याच दिशेने आणि एक पाऊल पुढे जाऊन. तेथे पाण्याचा हिस्सा जमिनीच्या आकारावर न ठरता माणशी अर्धा एकर असा ठरला आणि भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क मानला गेला. पाणी कसे अडवावे हे अभियंता सांगू शकतो. ते कोणासाठी अडवावे आणि त्यावर काय पिकवावे, हा नीतीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देणारे जाणकार घडवावे लागतात.

असे जाणकार कसे घडतात, याचे उदाहरण याच जिल्ह्यात सापडते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ एकत्र आले. शेतकऱ्याने विद्वानाला आपल्या कामास जुंपले आणि विद्वानाने त्यात कमीपणा मानला नाही. पुढे १९७५ साली सहकारी कारखान्यांनी मांजरी येथे आपली स्वतंत्र संशोधन संस्था काढली; तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. उसाचे बेणे, माती, यंत्रे, आसवनी या सर्वांचे तज्ज्ञ उसाच्या मालकांनी आपल्या पैशाने उभे केले. कोरडवाहू शेतकऱ्यालाही शास्त्र मिळाले. मोहोळच्या मालदांडी ज्वारीने लाखो कुटुंबांना भाकरी दिली. पण त्या शास्त्रावर त्याचा ताबा कधीच आला नाही. ऊसतोड मजूर तर दोन्हीकडून बाहेरच राहिला. ज्याच्यापाशी संघटना आणि पैसा असतो, त्याच्या प्रश्नांवर संशोधन होते. बाकीच्यांनी शासनाच्या कृपेची वाट पाहावी, अशीच रीत पडली आहे.

शासनाची कृपा आटली म्हणजे काय होते, हे १९८९ ते १९९१ या काळात पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघात दिसले. तेथे संशोधन संस्था विपुल होत्या, शास्त्रज्ञही अव्वल दर्जाचे होते. परंतु कोणते संशोधन करावयाचे हे मंत्रालये आणि नियोजन मंडळे ठरवीत. कारखान्यातील कामगाराला आणि शेतावरील माणसाला त्यात आवाज नव्हता. नियोजन कोसळताच उपयोजित संशोधनाचा ग्राहकच नाहीसा झाला. संशोधक देश सोडून किंवा पेशा सोडून गेले आणि धोरण सांगावयास परदेशी सल्लागार आले. समाजवादाच्या नावाने चाललेल्या नोकरशाहीने तज्ज्ञ निर्माण केले, पण त्यांना जनतेशी बांधले नाही. म्हणूनच संकटाच्या वेळी त्या संस्था वाचविण्यास जनता पुढे आली नाही. लोकशाही समाजवाद्यांनी हे विसरता कामा नये.

भारताची वाटही फार निराळी राहिलेली नाही. १९५८च्या विज्ञान धोरण ठरावाने विज्ञानाचे फळ जनतेपर्यंत नेण्याचे वचन दिले. १९९१नंतर वारे फिरले आणि २०१५च्या आरंभी नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. महाराष्ट्रात डिसेंबर २०१४मध्ये जलयुक्त शिवार योजना आली. तिच्यावर नऊ हजार सहाशे कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. तरी भूजलाची पातळी वाढविण्यात ती फारशी यशस्वी झाली नाही, असा निष्कर्ष महालेखापालांच्या २०२०च्या अहवालाने काढला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे, हे पाणलोटाचे पहिले सूत्र. ते सोडून अनेक ठिकाणी यंत्रांनी नाले खोल करण्यावरच भर दिला गेला, अशी टीका जाणकारांनी वेळोवेळी केली होती. ज्ञान उपलब्ध होते. ते मानावयास भाग पाडील अशी शक्ती गावात नव्हती.

येथे राळेगणची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. तेथील शिस्त पुष्कळशी एका व्यक्तीच्या नैतिक दराऱ्यावर उभी राहिली. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे खुद्द हजारे यांनीच सांगितले आहे. अशा मार्गाने आलेले शहाणपण लोकशाहीचे नव्हे, आणि दरारा दुसऱ्या गावी उचलून नेता येत नाही. शासनाने आदर्श गाव योजना काढली. परंतु प्रत्येक गावाला एक अण्णा मिळेल या भरवशावर राज्याचे पाणीधोरण चालू शकत नाही. व्यक्तीने केलेले काम संस्थेने पुढे न्यावे लागते.

म्हणून मागणी नेमकी हवी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा जाणकार तालुक्याला कायमचा मिळावा आणि त्याने दरवर्षी पावसाळ्यानंतर ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडावा. भूजलाचा २००९चा कायदा २०१४ साली अमलात आला. त्यातील पाणलोट समित्या आणि पीक आराखडे कागदावरून शिवारात यावेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने कोणते संशोधन हाती घ्यावे, हे ठरविताना कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर आणि स्त्रिया यांचे प्रतिनिधी मताधिकारासह बसावेत.

कार्यकर्त्यांनीही आपल्याकडे पाहिले पाहिजे. मोर्चा काढता येतो, पण विहिरीची पातळी मोजता येत नाही, अशी स्थिती पुष्कळांची आहे. गावाच्या विहिरी मोजण्याचे, पाऊस नोंदविण्याचे आणि पिकांचा हिशेब मांडण्याचे काम प्रत्येक शाखेने या पावसाळ्यापासून हाती घ्यावे. सरकारी आकड्याला आपला आकडा दाखविता आला, तरच ग्रामसभेत भूमिहीनाचा आवाज टिकेल.