विश्लेषण : नानांची कॅप्सूल तापाची की कंपवाताची?

गेल्या पावसाळ्यात राळेगणसिद्धीहून काकूंचा फोन आला. घरात दोघांना ताप होता. एक नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, आणि दुसरा त्यांचा सहावीतला नातू. नानांना काही वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपाच्या गोळ्यांबरोबर त्यांना अमॅन्टाडिन नावाची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळी एक आणि दुपारी एक अशी सुरू आहे. घरातल्या कोणीतरी त्या पाकिटावरचे नाव मोबाइलवर टाकून शोधले, तर पहिल्याच ओळीत आले, इन्फ्लुएंझा ए वरचे औषध.

"अरे, हे तर तापाचंच औषध निघालं की! मग नानांना आज एक जास्तीची देऊ का? आणि पोरालाही एक देऊन बघू?" काकूंचा प्रश्न सरळ होता. मी इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. पण घरात 'नेटवरचं कळणारा' मीच. मीही तेच पान उघडले. तिथे खरोखर तसेच लिहिले होते. कबूल करायला लाज वाटते, पण पाच मिनिटे मला काकूंचे म्हणणे पटले होते. नशीब, 'विचारून सांगतो' एवढेच बोललो.

नानांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लागला. जास्तीची द्यायची नाही, पोराला तर अजिबात नाही, आणि ताप आहे म्हणून नानांची बंदही करायची नाही, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी उलट मलाच विचारले, "नाना पाणी किती पितायत? लघवी किती वेळा झाली?" कॅप्सूलचा आणि लघवीचा काय संबंध, हे मला तेव्हा कळले नाही.

एका औषधाच्या दोन ओळखी

नेटवर लिहिले होते ते खोटे नव्हते, जुने होते. अमॅन्टाडिनला अमेरिकेत १९६६ मध्ये परवानगी मिळाली ती फ्लूचे औषध म्हणूनच. पुढची गोष्ट मजेशीर आहे. १९६८ मध्ये कंपवात असलेल्या एका ५८ वर्षांच्या बाईंनी बोस्टनमधील डॉक्टर रॉबर्ट श्वाब यांना सांगितले की, फ्लू होऊ नये म्हणून मी ही कॅप्सूल घेत होते तेव्हा माझा ताठरपणा आणि थरथर बरीच कमी झाली होती, आणि सहा आठवड्यांनी औषध थांबवल्यावर सगळे परत आले. श्वाब यांनी ते हसण्यावारी नेले नाही. इतर रुग्णांना देऊन पाहिले आणि १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका रुग्णाने स्वतःच्या अंगाकडे नीट लक्ष दिले, म्हणून या औषधाला दुसरा जन्म मिळाला.

आज त्याचा मुख्य उपयोग हा दुसराच आहे. लेव्होडोपा बरीच वर्षे घेतल्यावर काही रुग्णांचे हातपाय, मान आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. ती हालचाल कमी करायला अमॅन्टाडिन विशेष उपयोगी पडते.

मग फ्लूवर का चालत नाही?

हा भाग मला माझ्या भाषेत सांगू द्या. फ्लूच्या ए प्रकारच्या विषाणूवर एम-२ नावाची एक बारीक झडप असते. पेशीत शिरल्यावर विषाणू ती उघडतो, आम्ल आत येते आणि त्याचे कवच सुटते. अमॅन्टाडिन त्या झडपेत बुचासारखे बसते. विषाणूने झडपेच्या भिंतीतला एक घटक बदलला, ३१ व्या जागेवरचा, आणि बूच बसेनासे झाले. फ्लूच्या बी प्रकारात तर ही झडप वेगळ्या घडणीची असते, त्यामुळे तिथे हे औषध कधीच लागू नव्हते.

जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने तपासलेल्या एच३एन२ विषाणूंपैकी ९१ टक्क्यांवर हे औषध निकामी ठरले, आणि फ्लूसाठी ते वापरू नका, अशी सूचना निघाली. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. तेव्हा तिथे धावपळ झाली ती ओसेल्टामिविरसाठी, म्हणजे ज्याला लोक टॅमिफ्लू म्हणतात त्यासाठी. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने हाहाकार उडवला, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, तो विषाणूही अमॅन्टाडिनला दाद देणारा नव्हता. म्हणजे नानांच्या नातवाला ती कॅप्सूल दिली असती तर ताप हटला नसताच, वर चक्कर, झोप उडणे, गोंधळणे हे पदरात पडले असते.

फ्लूवर आज लागू पडते ते ओसेल्टामिविर. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी, पण कोणाला द्यायचे आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. २०१७ पासून ते शेड्यूल एच-१ मध्ये असल्याने चिठ्ठीवर नेहमीच्या मेडिकल दुकानात मिळू शकते. ज्येष्ठांनी, त्यातही कंपवाताच्या रुग्णांनी, ताप आल्यावर तीन दिवस घरी वाट पाहू नये.

लघवीचा प्रश्न डॉक्टरांनी का विचारला?

राळेगणसिद्धी म्हटले की लोकांना अण्णा हजारे, पाणलोट आणि दारूबंदी आठवते. पर्जन्यछायेतल्या या गावात १९७५ नंतर नालाबंडिंग आणि पाझर तलावांची कामे झाली, त्यामुळे तलाव, आवक आणि सांडवा हे शब्द इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत. तोच दाखला इथे चपखल बसतो. बहुतेक औषधे यकृतात मोडली जातात. अमॅन्टाडिनचे तसे नाही. ते जवळजवळ जसेच्या तसे मूत्रपिंडातून बाहेर पडते. म्हणजे तलावाला सांडवा एकच. तो तुंबला आणि वरून आवक चालूच राहिली, तर पाणी चढत जाणार.

निरोगी तरुण माणसात निम्मे औषध बाहेर पडायला साधारण १६ तास लागतात. साठीनंतर हा काळ बराच वाढतो, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त. म्हणून अशा रुग्णांना डॉक्टर ही कॅप्सूल रोज एक, एक दिवसाआड, अगदी बिघडलेल्या स्थितीत आठवड्यातून एक, इतकी कमी करतात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आपल्या किती म्हाताऱ्या माणसांचे क्रिएटिनिन वर्षभरात एकदा तरी तपासले जाते? हे औषध चालू असेल तर ती रक्ततपासणी टाळण्यासारखी नाही.

आता यात ताप घाला. माणूस जेवत नाही, पाणी पीत नाही, घाम जातो, उलटी होते. सांडवा आणखी अरुंद होतो. डोस तोच, पण रक्तातले औषध चढते. दोन-तीन दिवसांत रुग्ण रात्री उठून बसतो, 'कोपऱ्यात कोण उभं आहे' विचारतो, गेलेल्या माणसांशी बोलतो. घरचे म्हणतात, तापात बरळतोय. काही घरांत बाहेरचे काही झाले म्हणून अंगारा लावतात. प्रत्यक्षात ती औषधाची मात्रा चढल्याची खूण असू शकते, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवण्याची गोष्ट आहे. डोस कमी करायचा असेल तर तो निर्णय त्यांचा.

एक गोष्ट तर मला अजिबात माहीत नव्हती. उन्हाळी लागली, लघवीला आग होते, म्हणून आपण मेडिकलमधून सायट्रेटचे गोड पातळ औषध आणतो, किंवा खाण्याचा सोडा पाण्यात घालून पितो. त्याने लघवी अल्कधर्मी होते, आणि अल्कधर्मी लघवीतून अमॅन्टाडिन कमी बाहेर पडते. निरुपद्रवी वाटणारी बाटली, पण नानांच्या बाबतीत ती सांडव्यावर फळी टाकण्यासारखी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी काही औषधेही हेच करतात. म्हणून नवी गोळी लिहून घेताना जुनी सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत.

ताप आहे म्हणून बंद केले तर?

हे सर्वात धोक्याचे, आणि घरोघरी सर्वात सहज होणारे. 'आधीच ताप, त्यात इतक्या गोळ्या कशाला' म्हणून चार दिवस सगळे थांबवले जाते. अमॅन्टाडिन किंवा लेव्होडोपा एकदम बंद केल्यास काही रुग्णांत प्रचंड ताठरपणा, खूप ताप आणि भ्रम अशी जिवावर बेतणारी स्थिती येते. गोम अशी की, ती दिसायला फ्लू वाढल्यासारखीच दिसते. डॉक्टरही नवे असतील आणि त्यांना कोणी सांगितले नाही की गोळ्या तीन दिवस बंद आहेत, तर चूक लक्षात यायला वेळ लागतो.

गावातल्या माणसाच्या बाबतीत बंद पडण्याचे कारण नेहमी हट्ट नसतो. मज्जासंस्थेचा तज्ज्ञ नगरला किंवा पुण्याला. ही कॅप्सूल प्रत्येक मेडिकलमध्ये असतेच असे नाही. पावसात एसटी चुकली, आणायला जाणारा मुलगा कंपनीत दुसऱ्या पाळीला गेला, की दोन दिवस खंड पडतो. निदान पंधरा दिवसांचा साठा घरात ठेवा, हा सल्ला मला डॉक्टरांनी दिला आणि तो मी इथे तसाच पुढे देतो. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत. दुसरा डोस दुपारीच घ्यावा. संध्याकाळी घेतला तर रात्रभर डोळा लागत नाही.

तापाच्या दिवसांत घरात आणखी काय काय येते तेही पाहू. साधे पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. पण 'सर्दीची गोळी' म्हणून जी मिळते तिच्यात ॲलर्जीचे, झोप आणणारे घटक असतात. अमॅन्टाडिनबरोबर, त्यातही कंपासाठी पॅसिटेन चालू असेल तर, त्यांनी तोंड कोरडे पडणे, लघवी तुंबणे, डोके भंजाळणे वाढते. उलटी थांबवायला दवाखान्यात सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन कंपवात वाढवते. सुई टोचण्याआधी 'यांना पार्किन्सन्स आहे' एवढे शब्द उच्चारायलाच हवेत. गावाकडे खाजकुयलीच्या बियांचे चूर्णही दिले जाते. ते थोतांड नाही, त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतो. म्हणूनच ते डॉक्टरांपासून लपवून घेणे चूक; डोसावर डोस होतो. दारूने चक्कर आणि गोंधळ वाढतो. राळेगणात ही एक सूचना पाळणे तरी सोपे!

फ्लूची लस? घ्यावी, आणि आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढत असल्याने त्याआधी घ्यावी. दंडात टोचायची लस या औषधाबरोबर चालते. नाकात फवारायच्या लसीत मात्र जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये तशी लस आणली होती. अमॅन्टाडिन त्या विषाणूला अडवू शकते, म्हणून हे औषध घेणाऱ्यांसाठी ती योग्य नाही.

चूक काकूंची नव्हती

या सगळ्यात काकूंना दोष देणे मला मान्य नाही. त्या सातवी शिकलेल्या, नानांच्या सहा वेळांच्या गोळ्या घड्याळ लावून देणाऱ्या. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. चिठ्ठीवर नाव, आकडा, आडव्या रेघा. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असा नियम २०१६ मध्ये आला. तो दुकानदाराच्या सोयीचा. घरात गोळी देणाऱ्या बाईला त्यातून काय कळते?

माझे मत असे की, आयुष्यभर चालणाऱ्या प्रत्येक औषधाच्या चिठ्ठीवर मराठीत तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत : हे कशासाठी, अचानक बंद केले तर काय होते, आणि ताप-जुलाब झाले तर काय करायचे. वेळ नाही, हे उत्तर मला पटत नाही. शिक्का बनवता येतो. दुकानदाराला देता येतो. रक्तदाब आणि साखर तपासायला आशाताई घरी येतातच, त्यांच्या वहीत 'कंपवाताची औषधे चालू' असा एक रकाना वाढला तर तापाच्या साथीत कोणाकडे आधी जायचे ते ठरेल. आणि आमच्यासारख्या बातम्या-वेबसाइटवाल्यांनीही 'या औषधाचे पाच फायदे' छापताना पहिल्या ओळीत साठ वर्षांपूर्वीची माहिती चिकटवणे थांबवावे. काकूंच्या मोबाइलवर आलेले पान असेच होते.

नाना आठवडाभरात बरे झाले, नातू त्याआधीच शाळेत गेला. काकूंनी कॅप्सूलच्या डब्यावर पांढरी पट्टी चिकटवून वर लिहिले आहे, 'नानांची. तापाची नाही. बंद करायची नाही.' क्रिएटिनिनचा अहवाल पुढच्या बुधवारी यायचा आहे. तो घेऊन डॉक्टरांकडे जाताना त्या सायट्रेटच्या बाटलीचेही विचारणार, असे त्या म्हणाल्या. मागच्या उन्हाळ्यात नानांनी ती अर्धी संपवली होती.