छिद्रे लहान, पण पोटातला दाब?

पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय... या शस्त्रक्रिया आता तालुक्याच्या गावीही दुर्बिणीतून होतात. टाके कमी, दुखणे कमी, एक-दोन दिवसांत घरी. त्यामुळे ‘दुर्बिणीची म्हणजे किरकोळ’ असा समज रुळला आहे. मूत्रपिंडांच्या बाबतीत तो पुरता खरा नाही.

दुर्बीण आणि अवजारे फिरवायला जागा हवी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. एरवी पोटातला दाब ५ ते ७ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. शस्त्रक्रियेत तो बहुधा १२ ते १५ ठेवला जातो. हा दाब मूत्रपिंडांवर आणि त्यांच्या नीलांवर पडतो, रक्तप्रवाह घटतो. त्यात शरीर पाणी धरून ठेवणारी संप्रेरके सोडते. लघवी कमी होते. ती पाहून सलाइन वाढवण्याचा मोह होतो. पण दाबामुळे अडलेली लघवी त्याने सुटेलच असे नाही, आणि हृदय कमजोर असेल तर जादा पाणी फुप्फुसात उतरते.

वायू काढला की निरोगी मूत्रपिंडे सहसा लवकर सावरतात. १९९५ पासून जिवंत दात्याचे मूत्रपिंडही दुर्बिणीतून काढले जाते आणि ते दुसऱ्याच्या शरीरात काम करते, याहून बोलका दाखला कोणता?

प्रश्न आहे तो जुना मधुमेह, रक्तदाब किंवा आधीच मंदावलेली मूत्रपिंडे असलेल्यांचा. मूत्रपिंडाला इजा झाली तरी रक्तातले क्रिएटिनिन लगेच चढत नाही. ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमची वाढ हा इजेचा एक आंतरराष्ट्रीय निकष आहे. तोवर रुग्ण घरी पोहोचलेला असतो, अनेकदा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेऊन. ही वेदनाशामके अशा मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी आवळतात.

उपाय महागडे नाहीत. दिसायला अडचण नसेल तिथे सर्जन कमी दाबावर काम करू शकतात. शस्त्रक्रियेआधी नुसते क्रिएटिनिन न बघता त्यावरून ईजीएफआर काढावा. कृश वृद्धांमध्ये ‘नॉर्मल’ आकडा फसवा असतो. जोखमीच्या रुग्णाची तपासणी दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावी. डिस्चार्ज कार्डावर टाके दाखवायची तारीख असतेच; तिच्याखाली क्रिएटिनिनची आणखी एक ओळ सहज मावते.