कॅमेरा मुलाला मैदानात नेत नाही

शाळेच्या सुरक्षेसाठी कॅमेरे पुरेत, पालकांची लुडबूड नको, हे मागील अंकातल्या पत्रलेखकाचे मत परभणीला तरी लागू पडत नाही.

२१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरातल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने परभणीही हादरली. १० जुलैला पुन्हा तेच. दोन्ही धक्के सकाळी साडेसातच्या आत बसले. शाळा भरल्यावर बसले असते तर? मुलांना बाकाखाली बसवायचे, धक्का थांबला की मैदानात न्यायचे, तिथे वर्गवार हजेरी घ्यायची. वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत चार वर्गांसाठी हे दोघांनी कसे करायचे? तिथे सराव केलेल्या आया, आजोबा हवेतच.

पालकांचा हा सहभाग आगंतुकपणाही नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला.

अनोळखी माणूस मुलांजवळ नको, ही पत्रलेखकाची भीती मात्र रास्त आहे. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ मधल्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणानंतर ती कोण नाकारेल? म्हणून स्वयंसेवकांची पडताळणी व्हावी, त्यांची नावे दर्शनी फलकावर लागावीत, एकट्याकडे मूल सोपवू नये. तयारी पुराचीही हवी: गोदाकाठच्या गंगाखेड, सोनपेठ तालुक्यांत ओढ्याला पाणी आल्यास कोणते मूल कोणाकडे थांबेल, ही यादी पावसाळ्याआधीच समितीने करावी.