ठिणगीचा मुहूर्त

मुहूर्त म्हटला कीं कार्याचा आरंभ त्याच घटकेस व्हावा, अशी आपली समजूत. मोटारसायकलीच्या एंजिनाचा मुहूर्त मात्र कार्याच्या कांहींसा आधींच साधावा लागतो. या वेळीं त्याचाच विचार करूं.

अमेरिकेंतील मिलवॉकी येथील हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें 1909 सालीं आपली पहिली दोन सिलिंडरांची मोटारसायकल काढिली. त्या परंपरेंतील एंजिनांत दोन सिलिंडर 45 अंशांच्या कोनांत असून दोहोंचे दट्टे एकाच खुंटीस जोडलेले असतात. त्यामुळें एक स्फोट 315 अंशांनीं, तर पुढचा 405 अंशांनीं होतो. तिची प्रसिद्ध लंगडी चाल ती हीच.

दट्ट्या माथ्यावर पोंचतांच ठिणगी पडावी, असें कोणासही वाटेल. परंतु इंधन जळण्यास वेळ लागतो. तितक्यांत दट्ट्या खालीं निघून जातो, शक्ति वायां जाते व एंजिन तापतें. म्हणून जुन्या ‘शॉव्हलहेड’ एंजिनांत, वेगांत असतां, ठिणगी माथ्याच्या 35 अंश आधीं पाडितात. मिनिटास 3000 फेरे होत असतां हें अंतर सेकंदाच्या सुमारें पांचशेंव्या भागाइतकेंच भरतें! याहून घाई झाली, तर वर येणाऱ्या दट्ट्यावर उलटा आघात बसतो. किक मारतांना असें घडल्यास किक उलट उसळून पायास गंभीर इजा होऊं शकते. याचसाठीं त्याहून जुन्या गाड्यांत डाव्या मुठीनें ठिणगी मागें घेण्याची सोय असे.

हें टायमिंग लावतांना क्रम सोडूं नये. प्रथम पॉइंटमधील फट 0.018 इंच करावी. कारण फट बदलली कीं मुहूर्तही बदलतो. नंतर प्लग काढून, पुढचा सिलिंडर दाबाच्या फेरींत असतां, एंजिनाच्या डाव्या अंगाच्या छिद्रांत चाकावरील खूण दिसेपर्यंत तें हळूहळू फिरवावें. ठिणगी पुढें नेणारीं वजनें पूर्ण उघडीं धरावीं आणि पॉइंट नेमके त्याच क्षणीं उघडूं लागतील अशा बेतानें तबकडी सरकवून घट्ट करावी.

नव्या गाड्यांत हें काम विद्युत्-यंत्रणाच करिते. जुन्या गाड्यांचे पुष्कळ धनी मात्र केवळ कानावर विसंबतात. आमचें त्यांस इतकेंच सांगणें कीं, घाईच्या ठिणगीचा ठणठणाट धुरांड्याच्या गर्जनेंत सहज बुडून जातो. चाकावरची खूण मात्र कोणत्याही गोंगाटांत जागची हलत नाहीं.