वाटीचा काय अपराध?

दिवाळी आली की ठाण्यापासून कल्याणपर्यंत, आणि डोंबिवलीत तर घरोघर, एक कोष्टक फिरू लागते: 'एक वाटी म्हणजे २०० ग्रॅम.' कशाची वाटी, हे विचारायचे नाही!

अहो, २०० ग्रॅम पाणी मावणाऱ्या वाटीत साखर त्याहून कमी भरते, चाळलेले बेसन तर निम्म्याच्याही आतच. 'चार वाट्या बेसन' म्हणून या कोष्टकाने ८०० ग्रॅम तोलले, की पडते आठ-नऊ वाट्या. तूप मात्र वाटीनेच दोन! लाडू वळत नाही, आणि बोल बसतो सुनेच्या हाताला.

आमच्या आज्या निठवे, चिपटे, मापटे, पायली वापरीत. पण मापी शेर निराळा नि वजनी शेर निराळा, हे त्या जाणून होत्या. १९५६च्या कायद्याने शेर जाऊन किलो आला. त्याबरोबर हे शहाणपणही जावे? १९७०च्या 'रुचिरा'त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचे प्रमाण दिले. तिथे कुठलीही वाटी चालते. सगळ्याला एकच हवी, इतकेच.

कोष्टक हवेच असेल, तर जिन्नसागणिक निराळे छापा. आणि पीठ चाळून भरायचे की दाबून, तेही लिहा.