डॅम्पिंगचा धंदा करताय? आधी तपासणी विका, मग शीट



"गाडीत रोडचा आवाज फार येतो हो, काहीतरी करा." कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गिऱ्हाईक शिरतं ते हे वाक्य घेऊन. आणि दुकानदार लगेच रेट सांगायला लागतो. चार दरवाजे एवढे, फ्लोअर एवढे, डिकीसकट फुल पॅकेज एवढे.

माझं मत स्पष्ट सांगतो. या धंद्यात उतरणारा नवा माणूस इथेच घसरतो. त्रास काय आहे हे न विचारता गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे तुम्ही दुसऱ्यांदा जाल का? मग तुमचं गिऱ्हाईक तरी का येईल? या धंद्यात विकायची पहिली गोष्ट शीट नाही, तपासणी आहे. आणि तिचे पैसे घ्यायचे, फुकट करायची नाही.

आवाज एक नसतो

गिऱ्हाईक सगळ्याला 'रोडचा आवाज' म्हणतं. त्याचा दोष नाही, ते त्याचं काम नाही. तुमचं आहे. सोबत अर्धा तास गाडी फिरवा आणि ऐका.

- ऐंशी-शंभरच्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं, खाली-वर गेलं की थांबतं: आधी व्हील बॅलन्सिंग बघा.
- ब्रेक दाबल्यावरच थरथर: ब्रेक डिस्क बघा.
- गाडी उभी, इंजिन चालू आणि सीटपर्यंत कंप: इंजिन माउंटिंगचं रबर बसलेलं असू शकतं.
- स्पीडबरोबर वाढणारी 'घूंऽऽ' आणि गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवली की ती बदलते: व्हील बेअरिंगचा संशय घ्या.
- रस्ता बदलला की आवाज बदलतो: हा टायरचा. हवा जास्त आहे का, टायर वेडावाकडा घासलाय का, हात फिरवून बघा.
- जास्त स्पीडला शिट्टीसारखा आवाज: दरवाज्याचं रबर. बाहेरून फटीवर मास्किंग टेप लावून एक चक्कर मारा. शिट्टी थांबली तर चोर सापडला.

यातल्या एकाही दुखण्यावर डॅम्पिंग शीट हे पहिलं औषध नाही. खराब बेअरिंगवर शीट चिकटवली तर आवाज थोडा दबेल आणि बेअरिंग मात्र आतून जात राहील. त्या गाडीत लेकरंबाळं बसणार आहेत. एक काम मिळावं म्हणून धोक्याची घंटा झाकणं याला मी धंदा म्हणत नाही.

रस्त्याचंही लक्षात ठेवा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि काँक्रीटचा आहे. काँक्रीटवर टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा सहसा जास्तच येतो. रोज गावातल्या डांबरी रस्त्यावर फिरणारा माणूस पहिल्यांदा तिकडे गेला की त्याला वाटतं गाडी बिघडली. त्याला हे समजावून सांगा. तुमच्यावरचा विश्वास तिथेच सुरू होतो.

शीट नक्की काय करते?

ब्युटाइलची शीट, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. ती पत्र्याला चिकटली की पत्र्याची थरथर शोषून घेते. ताटावर चमचा मारा, मग ताटाला मागून तळहात लावून पुन्हा मारा. तसंच. म्हणजे शीटचं काम कंप थांबवणं. हवेतून येणारा आवाज अडवायला जड थर लागतो आणि फटीतून येणारा अडवायला रबर लागतं. तीन आजार, तीन औषधं.

आता ऐका. पत्र्याची थरथर मारायला सगळा पत्रा मढवावा लागत नाही. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर, साधारण 25 ते 50 टक्के जागेवर नीट लावली, रोलरने घट्ट दाबली, तर बहुतेक फायदा तिथेच मिळतो. त्यापुढे फायदा कमी आणि वजन जास्त. 2 मिलिमीटरची शीट एका चौरस मीटरला तीन किलोच्या वर भरते. सगळी गाडी मढवली की तेवढं ओझं ती रोज वाहणार.

हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन एकच असतं, त्यामुळे मागच्या चाकांचा आवाज थेट आई-बाबांच्या कानात. तिथे दरवाज्यांआधी मागच्या व्हील आर्चचा विचार करा.

"सर, मग आम्ही कमवायचं काय?"

हा प्रश्न येणारच. हिशोब करू. आकडे समजायला घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका.

समजा फुल पॅकेज 20,000 रुपये. माल 9,000, मजुरी 3,000, उरले 8,000. पण गाडी दोन दिवस जागा अडवून बसली. म्हणजे दिवसाला 4,000.

आता दुसरी पद्धत. तपासणी फी 500. गरज होती तेवढंच काम, दरवाजे आणि मागचे आर्च, 9,000. माल 3,000, मजुरी 1,500. हातात फीसकट 5,000, एका दिवसात. माल कमी भरावा लागला, म्हणजे भांडवलही कमी अडकलं.

आणि ज्याचं काम बॅलन्सिंगवरच भागलं? त्याच्याकडून 500 आले, तेही अर्ध्या-पाऊण तासाचे. त्याला शेजारच्या टायरवाल्याकडे पाठवा. टायरवाला त्याच्याकडचं गिऱ्हाईक तुमच्याकडे पाठवेल. आणि हा माणूस चार लोकांना सांगेल, "त्याने मला वीस हजारांचं काम नको म्हणून सांगितलं." अशी जाहिरात विकत मिळत नाही.

टक्के सांगू नका, मोजून दाखवा

"साठ टक्के आवाज कमी" असं कोणी म्हणालं तर विचारा, कशाचे साठ टक्के? डेसिबलचं गणित सरळ नाही. 3 डेसिबल कमी झाले की आवाजाची ऊर्जा निम्मी होते, पण कानाला फरक जेमतेम कळतो. कानाला निम्मा वाटायला साधारण 10 डेसिबल कमी व्हावे लागतात. एवढं वचन छोट्या दुकानाने देऊच नये.

मोबाइल अ‍ॅपचा आकडा लॅबसारखा अचूक नसतो, पण आधी-नंतरची तुलना करायला चालतो. अट एकच: तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता, तोच 60 चा स्पीड, तीच टायरची हवा, काचा बंद, एसी बंद. फोन शेजारी बसलेल्याने धरायचा, चालवणाऱ्याने नाही. दोन्ही आकडे बिलावर लिहून द्या. फरक दोनच डेसिबलचा आला तर दोनच लिहा.

हात लावण्याआधी

दरवाज्याच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात. ती बुजली तर पावसाळ्यात दरवाजा आतून गंजतो. काच खाली-वर होते ती जागा मोकळी ठेवा. स्वस्त डांबरी शीट उन्हात वास मारते आणि वितळून घसरू शकते, दोन पैसे वाचवायला ती लावू नका. एअरबॅग, तिची वायर, सेन्सर यांच्या वाटेत काहीही भरू नका. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दरवाज्यातच असतो. कंपनीची वायर कापू नका, वॉरंटीचा वाद गिऱ्हाईकाच्या गळ्यात पडेल आणि मग तुमच्या.

दुकानासाठी भाड्याची जागा बघण्याआधी एक काम करा. ओळखीतल्या पाच फॅमिली गाड्या घ्या, प्रत्येकीत अर्धा तास बसा आणि वरची यादी घेऊन कागदावर निदान लिहा. नंतर गॅरेजवाल्याकडून ते तपासून घ्या. पाचपैकी चार बरोबर आले तर शीटचा पहिला बॉक्स मागवा. तोपर्यंत पैसे खिशातच राहू द्या.