ओटी नसलेले घर

संपादकांनी या वर्षीही कथा मागितली होती. ती देत नाही. तक्रार देतो आहे. दिवाळी अंकात तक्रार छापण्याची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडचा लेखक हिमालयात जावो की माथेरानला, तो तृप्त होऊनच परततो. त्याला भेटलेला टांगेवाला हटकून तत्त्वज्ञ असतो, खानावळीतली भाकरी आईच्या हातची असते आणि सूर्य त्याच्यासाठी ठरल्या वेळी मावळतो. इतकी प्रवासवर्णने वाचली, पण त्यांत कोणाचे पैसे बुडाल्याचे मला आठवत नाही. माझे बुडाले. तेवढेच बुडाले असते तर सणासुदीला मी वाचकांना त्रास दिला नसता.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चौलच्या बाजूला आमची आठ गुंठ्यांची नारळी-पोफळीची वाडी होती आणि तीत घर होते. ते आम्ही तिघा भावांनी २०११ साली विकून टाकले. कोणाला फ्लॅटचा हप्ता होता, कोणाला मुलीचे शिक्षण. माझ्यावर पतपेढीचे कर्ज होते. आईने खुशीने सही केली, असे आम्ही एकमेकांना सांगत आलो. या संक्रांतीला ती म्हणाली, “एकदा सगळी एका छपराखाली निजा. मला मोजायचंय.” तेव्हा धाकट्या भावाने मोबाइलवर नागावच्या बाजूचा एक व्हिला शोधला, मे २०२५ मधल्या दोन रात्रींचे ४२,००० रुपये आणि वर अनामत १०,००० रुपये भरले, आणि आम्ही अकरा माणसे दोन गाड्यांतून निघालो. पेण मागे पडले, वडखळच्या रांगेत तासभर गेला, मग पोयनाड, अलिबाग. आई पुढच्या सीटवर बसून वाटेतल्या वाड्या मालकांच्या आडनावांसकट ओळखीत होती. निम्म्या चुकल्या. वाड्या होत्या तिथे फाटके होती.

छायाचित्रांत पांढरे घर होते, निळे पाणी होते, मागे माड होते. छायाचित्रे खोटी नव्हती. ती केव्हा काढली एवढेच कोणी सांगितले नव्हते. येथे मला सलीम अलींची आठवण होते. १९३० च्या सुमारास ते किहीमला सुगरण पक्ष्याची घरटी निरखीत बसत. त्यांना असे आढळले की, घरटे विणतो तो नर, आणि तोही अर्धेच विणून थांबतो. मग मादी येते, आत शिरून ते तपासते, आणि तिला पसंत पडले तरच उरलेले विणकाम होते. नापसंत घरटे तसेच लोंबत राहते. किहीमपासून नागाव वीसेक किलोमीटर असेल. एवढ्या जवळ राहून त्या पाखरांना जे कळले, ते आम्हा अकरा जणांना कळू नये! आम्ही चित्र पाहून बेचाळीस हजार मोजले.

फाटक उघडले तो आत अंगणच नाही. फाटकापासून घरापर्यंत पोहण्याचा तलाव, आणि कडेने चिंचोळी, ओली, चकचकीत फरशी. म्हाताऱ्या माणसाने तिच्यावर पाऊल टाकू नये. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून रंग नेमका सांगतो: मुले ब्रश धुतात त्या मगातल्या पाण्याचा असतो, तो. चार खोल्यांपैकी तीन वरच्या मजल्यावर, जिन्याला काचेचा कठडा आणि धरायला काही नाही. माजघर असावे तिथे दारू पिण्याचा उंच ओटा. न्हाणीघराला काचेचे दार. ते पाहून आमच्या वहिनींनी दोन चादरी बांधल्या. दोन एसी बंद. स्वयंपाकघराला कुलूप, कारण जेवण त्यांच्याकडूनच घ्यायचे, पानाला ४५० रुपये. आणि दाराच्या आत इंग्रजीत तेवीस नियम, चौकटीत बसवून टांगलेले, आपल्याकडे गणपती टांगतात तसे.

आई उंबऱ्यात उभी राहिली. म्हणजे उंबरा नव्हताच, तो जिथे असायला हवा तिथे उभी राहिली आणि म्हणाली, “ओटी कुठाय?” ओटी नाही म्हटल्यावर तिने विचारले, “मग आलेला माणूस बसतो कुठे?”

आम्ही हसलो. मोठा भाऊ म्हणाला, “आई, येणार कोण इथे?” त्याला कळले नाही, पण त्या घराविषयी यापेक्षा खरे कोणी बोललेले नाही. गाव येणार नाही, शेजारी येणार नाही, यजमान तर नाहीच नाही, हे धरून ते घर बांधलेले आहे. आम्ही ४२,००० रुपये दिले ते खोल्यांचे नव्हेत. आसपास माणूस नसण्याचे दिले. पूर्वी याच किनाऱ्यावर ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशा पाट्या असत, अजूनही थोड्या आहेत. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेतही कल्पना तीच होती, की माणसाने आपल्या राहत्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्याव्यात. तिथे गाद्या पातळ असत, न्हाणी परसात असे, आणि यजमानीण चारदा येऊन “भात वाढू का?” विचारी, त्याचा कंटाळा येई. पण नळाला पाणी नसले तर भांडायला समोर कोणीतरी असे. व्हिल्यात भांडायचे कोणाशी?

पाण्याचे म्हणाल तर पहिला घोट घेताच आईने चहाचा कप खाली ठेवला. “विहीर बिघडली,” म्हणाली. तिने विहीर पाहिलेलीही नव्हती. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत ते खाऱ्याला थोपवून धरते, आणि वरून भरमसाट उपसले की खारे तितक्याच पटीने वर चढते. रहाटाने वाडी शिंपणाऱ्यांना हे गणित येत नव्हते, पण रहाटच एवढे ओढू शकत नसे. आता मी एक गणित करतो, चित्रकलेच्या मास्तराचे आहे, तपासून घ्यावे. तो तलाव तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, चार फूट खोल. म्हणजे १,८०० घनफूट, म्हणजे सुमारे ५१,००० लिटर. जलजीवन मिशनने २०१९ साली खेड्यातल्या माणसाला दिवसाचे ५५ लिटर पाणी ठरवले. पाच माणसांच्या घराला हा तलाव सहा महिने पुरतो. आमच्या अकरांपैकी पोहता येते दोघांना, आणि त्या रंगाच्या पाण्यात तेही उतरले नाहीत.

दुपारी आई सापडेना. मी शोधीत मागे गेलो. पंपाच्या खोलीपलीकडे कौलारू दोन खोल्या होत्या. जुन्या घराचा पुढचा भाग पाडून व्हिला बांधला, त्यातला मागचा हा तुकडा उरला होता. तिथे घर सांभाळणारा आणि त्याची बायको राहतात. शेणाने सारवलेली पडवी होती, चुलीचा धूर होता, आणि आई त्या बाईबरोबर भिजलेले कडवे वाल सोलीत बसली होती. “आजींना सांगितलं मी, राहू द्या,” ती बाई मला घाबरून म्हणाली. आई म्हणाली, “तू गप गं.” संध्याकाळपर्यंत एकेक करून आम्ही सगळे त्या पडवीत जमलो, मुले, सुना, मोठा भाऊसुद्धा. आईने मोजले ते तिथे. अकरा भरले.

मग फोन आला. मालक मुंबईत असतात. फाटकावर आणि मागच्या भिंतीवर कॅमेरे आहेत. पाहुण्यांनी कर्मचाऱ्यांच्या खोलीकडे जाऊ नये असा नियम आहे, सतरावा. तो तरुण माझ्यापासून पाच हातांवर उभा राहून “हो साहेब, नाही साहेब” करीत होता, आणि पलीकडचा आवाज मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. माझ्या दुसऱ्या कादंबरीतला नायक सावकाराच्या तोंडावर हिशेबाची वही फेकतो. समीक्षकांना तो प्रसंग आवडला होता. मी चपला घातल्या आणि आईचा हात धरून तिला पुढच्या घरात आणले.

“यातून कोकणाला रोजगार मिळतो,” असे म्हणणारे भेटतात. मिळतो. त्या जोडप्याला दोघांत मिळून महिन्याला बारा हजार मिळतात आणि स्वतःच्या पडवीत कोणाला बसवावे याची मोकळीक मिळत नाही. “पैसे मोजलेत तेवढे मिळाले, मग हॉटेलात जायचे होते,” असेही म्हणतात. हॉटेल निदान आपल्याला हॉटेल म्हणवते. घर म्हणून पैसे घेतले तर घराचा हिशेब द्यावा लागेल. घरी आल्यावर मी कोशात व्हिला शब्द पाहिला. रोमन लोकांचा हा शब्द म्हणजे शेतावरचा वाडा. कोठारे, तेलाचे घाणे, गुरे, गडी यांच्यासकट. इंग्रजीतला ‘व्हिलेज’ त्याच कुळातला आणि ‘व्हिलन’ही. म्हणजे शब्दात गाव होते. ते आम्ही बाहेर काढले. दुसऱ्या नातेवाइकाविषयी वाचकांनी आपापले ठरवावे.

“ज्यांनी वाडी विकली त्यांनी बोलू नये,” हा तिसरा आक्षेप. त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. फक्त एवढे म्हणतो की वाडी विकण्याच्या कितीतरी आधी आम्ही तिच्यातली माणसे विकली होती. मी वर्गात निसर्गचित्र शिकवतो: दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, उतरत्या छपराचे घर, बाजूला माड. बावीस वर्षांत अशी किती घरे तपासली याची गणती नाही. त्यांच्या दारात माणूस क्वचित असतो, आणि असला तर मी ‘प्रमाण चुकले’ म्हणून गुण कापले आहेत. माड नेटका असला की पास. एलिमेंटरीला बसवायची मुले मी अशीच निवडीत आलो. त्या जाहिरातीतले चित्र मी पाहताक्षणी ओळखायला हवे होते. ते माझेच होते.

आणि मराठी वाचक तरी काय करतो? श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालची. तिच्यात कोकण आहे ते भांडणारे, नावे ठेवणारे, एकमेकांच्या ओटीवर चढून जाब विचारणारे. बापूला आणि राधेला गाव सुखाने जगू देत नाही. त्या पुस्तकातले गाव आपण विसरलो आणि पोफळीची सावली तेवढी जपून ठेवली. नंतर आम्ही कनिष्ठ लेखकांनी ती सावली घाऊक भावाने विकली. माझ्या पहिल्या पुस्तकात वाडीचे वर्णन साडेचार पाने आहे. तीत शिंपणाऱ्या गड्याचे नावसुद्धा नाही.

दुसऱ्या रात्री वीज गेली ती पहाटे आली. सकाळी निघालो. निघताना त्या बाईने आईच्या पिशवीत सोललेले वाल बांधून दिले. कॅमेऱ्याकडे पाठ करून दिले. अनामतीतून चादरीवरच्या हळदीच्या डागाचे १,५०० आणि जादा विजेचे २,००० कापून बाकीचे पैसे एकोणीस दिवसांनी आले.

त्याआधी, परतल्याच्या तिसऱ्या दिवशी, त्या तरुणाचा फोन आला होता. “सर, तेवढे पाच तारे द्या. चार दिले तर साहेब आमच्या पगारातून कापतात.” धाकटा भाऊ एक तारा द्यायला बसला होता, त्याचा हात धरून पाच दिले. खाली दोन ओळी लिहिणे भाग होते. घरात लेखक मी, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी लिहिले: ‘शांत परिसर, माडांची गर्द सावली, आपुलकीची माणसे.’ परवा पाहिले, त्या ओळी अजून तिथे आहेत, आणि मालकांनी त्या सर्वांत वर आणून ठेवल्या आहेत.